नोंदीच्या छायाचित्रात कल्पनेची भर नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरून सड्यावरचे, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरचे, गवत पिवळे पडू लागले की राजापूर, लांजा आणि रत्नागिरी तालुक्यांतील कातळशिल्पांची, म्हणजे तेथल्या कातळात फार पूर्वी कोरलेल्या आकृतींची, छायाचित्रे मोबाइलवर फिरू लागतात आणि त्यांतली काही आपल्यासारख्या वृत्तपत्रांपर्यंतही पोहोचतात. यंदा फिरलेल्या एका छायाचित्रात एका प्राण्याची आकृती शेपटीपासून तोंडापर्यंत कोठेही न तुटता, जणू कालच कोरल्यासारखी दिसत होती. तो सडा माझ्या पायाखालचा आहे. प्रत्यक्षात त्या आकृतीचा तोंडाकडचा भाग झिजून सपाट झाला आहे आणि पाठीवरून कातळाची एक रुंद भेग गेली आहे. छायाचित्रात ना ती झीज होती, ना भेग. फोटोशॉपमधील ‘जनरेटिव्ह फिल’ किंवा मोबाइलमधील तशाच एखाद्या सोयीने तेवढा भाग निवडून तो भरून घेतला होता, हे छायाचित्रणाच्या धंद्यात असलेल्या माणसाच्या लगेच लक्षात येते. इतरांच्या ते येत नाही, आणि यावे अशी अपेक्षाही रास्त नाही. छायाचित्राखाली तशी काही सूचना नव्हती. म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

फोटोची सफाई नवी नाही, हे मी छायाचित्रणावर पोट असलेला माणूस म्हणून आधीच सांगतो. निगेटिव्हवर पेन्सिलने टचिंग करण्याची कला आमच्या आधीच्या पिढीकडे होती, आणि फोटोशॉपमध्ये २०१० सालापासून ‘कंटेंट अवेअर फिल’ आहे. परंतु त्या जुन्या साधनाची मर्यादा हीच त्याची लाज राखत असे, कारण ते त्याच छायाचित्रातील शेजारचे तुकडे उचलून रिकाम्या जागी बसवत असे. २०२३ च्या मे महिन्यात चाचणी स्वरूपात आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून सर्वांसाठी आलेल्या ‘जनरेटिव्ह फिल’चे तसे नाही. असंख्य चित्रांवर शिकवलेले संगणकाचे मॉडेल निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करते आणि भोवतालच्या भागाशी, शिवाय आपण काही शब्द लिहिले असतील तर त्यांच्याशी, जुळेल असे चित्र टप्प्याटप्प्याने घडवते. त्या जागी कॅमेऱ्यासमोर काय होते, हे त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचा काही मार्गही नाही.

याचा पुरावा ते साधन स्वतःच देते. एखादा भाग निवडून आज्ञा दिली की फोटोशॉप एकाच वेळी तीन पर्याय पुढे ठेवते, आणि ते पसंत पडले नाहीत तर पुन्हा कळ दाबून आणखी तीन मिळतात. गेलेला भाग खरोखरच ‘परत आला’ असता, तर उत्तर एकच मिळाले असते. जाहिरातीच्या चित्रात तीनपैकी कोणतेही आभाळ निवडा, कोणाचे काही बिघडत नाही. पण हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी कातळात कोरलेल्या रेषेसाठी तीन पर्याय असू शकत नाहीत.

कातळशिल्पांच्या बाबतीत हे किती गंभीर आहे, याकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. या शिल्पांजवळ शिलालेख नाहीत, त्यामुळे त्यांचा काळ आणि ती कोरणारी माणसे यांविषयीचा बराचसा विचार आकृतींच्या वाचनावरच उभा आहे. आज कोकणात न आढळणाऱ्या गेंड्यासारख्या प्राण्यांच्या आकृती काही ठिकाणी ओळखल्या गेल्या आहेत आणि काळाच्या चर्चेत त्यांना महत्त्व आहे. अशा वेळी झिजलेल्या तोंडाच्या जागी यंत्राने एखादी उभार रेषा काढली आणि ती शिंगासारखी दिसली, तर साध्या जनावराचा गेंडा व्हायला वेळ लागणार नाही. उलटही होईल, खरे शिंग ‘डाग’ म्हणून पुसले जाईल. बारसू, कशेळी, देवाचे गोठणे, उक्षी यांसह कोकण आणि गोव्यातील नऊ ठिकाणे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. याचा अर्थ ही छायाचित्रे उद्या जगभरचे अभ्यासक पाहणार आहेत. पुरातत्त्वाच्या रेखाटनात अनुमानाने पूर्ण केलेली रेषा तुटक काढण्याची पद्धत आहे, म्हणजे पाहिलेले कोणते आणि ताडलेले कोणते हे वाचणाऱ्याला कळते. ‘जनरेटिव्ह फिल’ने भरलेल्या भागात ही तुटक रेषा नसते. उजेड, सावली, कातळाचा खरखरीतपणा सगळे जुळवून दिलेले असते आणि तेथेच खरा धोका आहे.

हीच गोष्ट घरोघरीच्या तसबिरींची. गणपतीच्या आधी चाकरमानी गावी येऊ लागले की जुने फोटो दुरुस्तीला येतात. आमच्या दमट हवेत फोटोला बुरशी धरते, तो काचेला चिकटतो, कडेने कसर खाते. अलीकडे एका कुटुंबाने दुसरीकडून दुरुस्त करून आणलेला फोटो फ्रेम करण्यासाठी माझ्याकडे दिला, सोबत मूळ प्रतही होती. मूळ फोटोत त्यांची पणजी घराच्या पायऱ्यांशी उभी आहे, अंगावर नऊवारी लुगडे, मागे जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत, आणि फोटोची उजवी बाजू बुरशीने पार गेलेली. दुरुस्त प्रतीत त्याच भिंतीचा उजवा अर्धा भाग लहान, भाजक्या विटांचा झाला होता. लुगड्याचा काष्टा जाऊन निऱ्या सरळ घोट्यापर्यंत आल्या होत्या. बुरशीखाली गेलेल्या हाताला नवी बोटे फुटली होती आणि त्यांतील एका बोटात अंगठी होती. ती अंगठी पुढे कोणाकडे गेली, याची घरात विचारपूसही सुरू झाली होती. मूळ प्रत शेजारी ठेवून दाखवल्यावर त्या मंडळींचे चेहरे उतरले, आणि ते पाहून मलाही वाईट वाटले, कारण त्यांनी हौसेने आणि मायेनेच ते काम करून घेतले होते.

असे का होते, हे समजण्यासारखे आहे. यंत्राने ज्याचा पुष्कळ नमुना पाहिला आहे, तिकडे ते झुकते. वीट जगभर आहे, जांभा थोडक्या प्रदेशांत. फोटोशॉपमागचे ‘फायरफ्लाय’ हे मॉडेल, फोटोशॉप बनवणाऱ्या अॅडोबी कंपनीच्या सांगण्यानुसार, त्यांच्या परवाना असलेल्या छायाचित्र-भांडारावर आणि हक्कमुक्त चित्रांवर शिकवलेले आहे. हक्कांच्या दृष्टीने ते चांगलेच आहे, पण त्या भांडारात पडवी, खळे, नळ्यांचे छप्पर, मांगर आणि काष्टा घातलेल्या आमच्या आज्या कितीशा असणार! आमच्या घरांचे आणि माणसांचे वेगळेपण जेथे झिजले आहे, तेथे नेमके दुसऱ्या कोणाचे तरी रूप येऊन बसते. संग्रहालयांत जुन्या चित्रांची डागडुजी करताना गेलेली जागा जवळच्या, शांत रंगाने भरून सोडून देण्याची रीत आहे. तीच रीत आम्ही स्टुडिओवाल्यांनीही पाळावी, बुरशीने खाल्लेला हात खाल्लेलाच राहू द्यावा, आणि ग्राहकाने हट्ट धरलाच तर भरलेली प्रत वेगळी देऊन मागच्या बाजूस तसे लिहावे, असे माझे मत आहे.

लग्नाच्या फोटोतील विजेची तार काढणे, उभ्या फोटोचा आडवा फ्लेक्स करताना बाजूचे आभाळ वाढवणे, दुकानाच्या जाहिरातीत आंब्याच्या पेटीमागे बाग उभी करणे, यांना माझी काडीचीही हरकत नाही. ही कामे मीही करतो आणि पूर्वी तासभर खाणारे काम आता काही मिनिटांत होते, याचा आनंदच आहे. प्रश्न उपयोगाचा आहे. ज्या छायाचित्राकडे पाहून कोणी काही निर्णय घेणार आहे किंवा पुढे कधी पुरावा म्हणून बोट दाखवणार आहे, त्यात भर घालता कामा नये.

पर्यटनाची छायाचित्रे या सीमेवर उभी आहेत आणि त्यांना जाहिरात म्हणून सहज सोडून देता येणार नाही. किनाऱ्याच्या फोटोतील प्लास्टिक पुसणे एक वेळ समजू शकतो, पण शोभा जाते म्हणून धोक्याचा फलक किंवा ओहोटीत उघडे पडणारे खडक पुसलेला फोटो मी पाहिला आहे. गणपतीपुळ्याच्या समुद्रात पर्यटक बुडाल्याच्या बातम्या आपणच वेळोवेळी छापल्या आहेत. घाटावरून येणाऱ्या कुटुंबाला समुद्राची ओळख आधी फोटोतूनच होते.

आपत्तीच्या बातम्यांविषयी तर दुमत असू नये. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ, २०२१ च्या मे महिन्यातील तौक्ते आणि त्याच वर्षी जुलैत चिपळूणला आलेला महापूर या तिन्ही वेळी लोकांनी मोबाइलवर काढलेली छायाचित्रे बातमीला, मदतीला आणि भरपाईच्या मागणीला उपयोगी पडली. अशा छायाचित्रांत एखाद्याने पाणी चार विटांनी वाढवले, तर संशय त्या एकट्यावर थांबत नाही, खरे नुकसान झालेल्या शेजाऱ्याचा फोटोही मग कोणी मानत नाही. भारतीय साक्ष अधिनियमानुसार न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंद सादर करताना प्रमाणपत्रासोबत त्या फाइलचे ‘हॅश’ मूल्यही, म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने निघणारी ओळखखूण, द्यावे लागते, आणि फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी ते मूल्य बदलते. वृत्तसंस्थांची शिस्तही याच तोडीची आहे. सीरियातील एका छायाचित्राच्या कोपऱ्यात आलेला सहकाऱ्याचा कॅमेरा पुसल्याबद्दल असोसिएटेड प्रेसने २०१४ मध्ये आपल्या एका नामवंत छायाचित्रकाराशी संबंध तोडले होते, तेही साध्या जुन्या साधनाने केलेल्या बदलासाठी.

यावर ‘कंटेंट क्रेडेन्शियल्स’चा उपाय सांगितला जातो. छायाचित्र कोठे आणि कशाने बदलले, याची नोंद त्याच फाइलमध्ये जोडण्याची ही पद्धत आहे आणि ती चांगली आहे. पण आमच्याकडची छायाचित्रे व्हॉट्सअॅपवरून येतात, आणि तेथे नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो आकसतो व त्याला जोडलेली माहिती गळून पडते. काही मोबाइल बदललेल्या फोटोच्या कोपऱ्यात खूण उमटवतात, तीही कोपरा कापला की जाते. त्यामुळे आजघडीला तरी भिस्त माणसांच्या नियमावरच ठेवावी लागेल.

म्हणून आपणास विनंती आहे की, बातमी, आपत्ती, पुरातत्त्व आणि इतिहास यांच्या छायाचित्रांत यंत्राने भरलेला कोणताही भाग आपण स्वीकारणार नाही, असा नियम आपल्या अंकात जाहीर करावा. उजेड कमीअधिक करणे आणि कडा कापणे यांपलीकडे बदल असलेले चित्र छापायचेच झाले, तर चित्राखालच्या ओळीतच तसे स्पष्ट लिहावे. वाचकांकडून येणारे छायाचित्र ईमेलने अथवा व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावे, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी हाती येईल, आणि ती कार्यालयात जपून ठेवावी. कातळशिल्पाचे छायाचित्र असेल तर मापाची पट्टी ठेवलेली एक प्रत आणि काढल्याची तारीखही मागावी. मोबाइलमधून मूळ फाइल कशी पाठवायची, हे पुष्कळांना माहीत नसते. या भागातील कोणीही माझ्या दुकानात आले, तर ते मी विनामूल्य दाखवीन.

आपला विश्वासू,
एक छायाचित्र व्यावसायिक,
राजापूर, जि. रत्नागिरी