जुन्या पिकअपच्या आतील सदोष कामाबाबत व सीट-बेल्टच्या सुरक्षेबाबत तक्रार

दिनांक : 18 ऑगस्ट 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
पुणे.

विषय : 2010 सालच्या स्कॉर्पिओ गेटअवे पिकअपच्या केबिनमध्ये आपण केलेले सदोष काम दुरुस्त करून मिळणे व रकमेचा अंशतः परतावा मिळणे.

महोदय,

माझ्या मालकीच्या महिंद्रा स्कॉर्पिओ गेटअवे या फोर-बाय-फोर, दुहेरी केबिनच्या पिकअपचे आतील काम आपल्या वर्कशॉपने फेब्रुवारी आणि मार्च 2025 मध्ये केले. त्याचे 1,68,000 रुपये मी दोन हप्त्यांत पूर्ण भरले आहेत आणि आपल्या बिलावर या कामाचे नाव ‘ऑफ-रोड इंटीरियर पॅकेज’ असे छापलेले आहे. 22 मार्च रोजी गाडी ताब्यात घेतली तेव्हा ती दिसायला अतिशय नीटनेटकी होती, आणि म्हणूनच आत काय दडले आहे हे कळायला मला पावसाळा उजाडावा लागला.

मी पशुवैद्यक आहे. अकोले तालुक्यातील राजूरच्या पुढे कुमशेत, पाचनई, आंबित या बाजूच्या वाड्या-वस्त्यांवर जनावरे तपासायला मी याच गाडीने जाते. हा डांगी या स्थानिक जातीच्या गाईंचा मुलूख आहे. पाऊस इथे कोसळतो तेव्हा मुरमाचे रस्ते वाहून जातात, ओढे रस्त्यावरून जातात आणि अडलेल्या गाईसाठी रात्री दोन वाजता फोन आला तर रस्ता सुधारण्याची वाट पाहता येत नाही. गाडी पंधरा वर्षांची झाली असली तरी तिची चॅसी आणि इंजिन ठणठणीत आहेत. त्यामुळे नवी गाडी घेण्यापेक्षा तिची केबिन या कामाला साजेशी करून घ्यावी, असे मी ठरवले. काय हवे आणि कशासाठी हवे हे मी 9 फेब्रुवारीच्या ई-मेलमध्ये दोन पाने भरून लिहिले होते, आणि आपल्या प्रतिनिधींनी ‘सर्व मुद्दे मान्य’ असे त्याला उत्तर दिले होते. या तक्रारीचा पाया ते उत्तर आहे.

सर्वांत गंभीर बाब पुढच्या दोन सीटची आहे, म्हणून ती प्रथम लिहिते. मूळ सीट बसून बसून दबल्या होत्या. त्यांच्या जागी आपण बकेट सीट (माणसाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या खोलगट सीट) सुचवल्या आणि मी त्या मान्य केल्या. मूळ सीटची चार भोके आणि नव्या सीटची भोके जुळत नसल्याने मधे ब्रॅकेट लागणार, हे मला समजत होते. परंतु आपण बसवलेले ब्रॅकेट सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे आहेत, त्यांचे वेल्डिंग सलग नसून ठिपक्या-ठिपक्यांचे आहे, आणि चालकाच्या बाजूचा मागचा ठिपका जून महिन्यातच तडकला. चढावर फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा सर्वांत संथ गिअर) टाकून गाडी दगडांवरून हळूहळू चढवताना केबिन डावी-उजवीकडे सतत झुकते. अशा वेळी सीटने माणसाला जागेवर धरून ठेवायचे असते. इथे सीटच माझ्यासह हलते आणि स्टीअरिंगवरचा हात नकळत ओढला जातो.

याहून वाईट म्हणजे माझ्या गाडीत बेल्टचे बक्कल मूळ सीटच्या सांगाड्याला होते. आपण ते काढून त्याच पातळ ब्रॅकेटला बोल्टने जोडले. धडक बसली तर बक्कलवर येणारा सगळा जोर आता त्या ठिपक्यांच्या वेल्डिंगवर येणार. शिवाय सीट पूर्वीपेक्षा साधारण पाच सेंटिमीटर उंच झाली आहे, पण बक्कल मात्र जुन्या जागेपेक्षाही मागे आणि वर आले आहे. त्यामुळे बेल्टचा खालचा पट्टा कमरेच्या हाडावर न बसता पोटावर चढतो. अपघातात पोटावरचा पट्टा आतल्या अवयवांना इजा करतो, हे मला माझ्या व्यवसायामुळे वेगळे शिकावे लागत नाही. माझा मदतनीस बावीस वर्षांचा मुलगा आहे, त्याची आई त्याला माझ्या भरवशावर या गाडीत बसवते, आणि गेला महिनाभर मी त्याला डाव्या सीटवर बसू दिलेले नाही. या गाडीत एअरबॅग नाहीत. अशा जुन्या गाडीत बेल्ट आणि सीट हेच काय ते संरक्षण असते, आणि आपण नेमके त्यालाच हात लावून ते दुबळे केले आहे.

आता फरशीविषयी. मूळ कार्पेट आणि त्याखालचा जाड नमदा (दाबलेल्या तंतूंचा थर) पूर्ण काढावा, पत्रा स्वच्छ करून त्यावर गंजरोधक प्रायमर आणि रंग द्यावा, वर जाड रबरी शीट घालावी आणि पत्र्यातील पाणी काढायची मूळ बुचे हाताला येतील अशी मोकळी ठेवावीत, असे मी लिहिले होते. शेण, चिखल, रक्त आणि जंतुनाशक यांनी रोज माखणारी केबिन पाइपने धुता यावी आणि बूच काढले की पाणी खाली निघून जावे, एवढी ती साधी मागणी होती. आपण कार्पेट आणि नमदा जागेवरच ठेवून वर रेक्झिनची शिवलेली सेव्हन-डी मॅट घातली. शहरातल्या गाडीत ती चांगली दिसते आणि टिकतेही, याबद्दल माझा वाद नाही. पण 24 जून रोजी कुमशेतजवळचा ओढा ओलांडताना दाराच्या खालच्या पट्टीपर्यंत पाणी चढले, ते आत आले आणि नमद्यात मुरले. वरची मॅट दुसऱ्या दिवशी कोरडी झाली. खालचा नमदा तीन आठवडे ओलाच राहिला, कारण त्याला वारा लागायला कुठून जागा नव्हती. केबिनमध्ये कुबट वास येऊ लागला तेव्हा 17 जुलै रोजी येथील मेकॅनिकच्या मदतीने मी सगळे उचकटले. बुचांवर आपण आवाजरोधक डॅम्पिंग शीट चिकटवल्यामुळे ती सापडायलाच वेळ लागला. मागच्या सीटच्या जागी केलेल्या औषधांच्या खणासाठी पाडलेल्या आठ भोकांच्या कडांना प्रायमरचा हात फिरवलेला नव्हता, आणि उघड्या लोखंडावर ओला नमदा बसल्याने त्या प्रत्येक भोकाभोवती गंजाचे पापुद्रे आले आहेत. त्यांतील एक भोक सीट-बेल्टच्या खालच्या बोल्टपासून जेमतेम चार बोटे अंतरावर आहे. पंधरा वर्षे ज्या पत्र्याला गंज लागला नव्हता, त्याला तो चार महिन्यांत लागला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

विजेच्या कामात झालेली चूक मला त्यामानाने लवकर कळली, पण तिची किंमत इतरांनी मोजली. लस ठेवायच्या बारा व्होल्टच्या छोट्या फ्रिजसाठी आणि चाकात हवा भरायच्या कॉम्प्रेसरसाठी बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर ओढावी आणि बॅटरीच्या जवळच फ्यूज बसवावा, असे ठरले होते. आपल्या माणसांनी दोन्ही जोडण्या सिगारेट लायटरच्या मूळ वायरला पिळा देऊन आणि टेप गुंडाळून घेतल्या. कॉम्प्रेसर चालू करताच मूळ फ्यूज उडतो हे पाहून त्याच्या जागी 30 अँपिअरचा फ्यूज टाकला. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. वायर तीच पातळ ठेवून फ्यूज मोठा केला की आधी वायर जळते. 29 मे रोजी नेमके तेच झाले. सीट मागे-पुढे सरकण्याच्या रुळाखाली चेपलेल्या जागी वायरचे आवरण वितळले आणि फ्रिज बंद पडला. त्या दिवशी मी घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या रोगांवरची लस घेऊन निघाले होते. या लसी पावसाळ्याच्या तोंडावर द्याव्या लागतात आणि त्या 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहाव्या लागतात. आंबितला पोहोचले तेव्हा फ्रिजमधला तापमापक 19 अंश दाखवत होता. सकाळपासून दावणीला जनावरे बांधून थांबलेल्या पशुपालकांना मला परत पाठवावे लागले आणि सगळ्या कुप्या टाकून द्याव्या लागल्या. केबिनला आग लागली नाही हे आमचे नशीब.

मागच्या सीटच्या अर्ध्या भागात केलेला औषधांचा खण घरगुती टेलिस्कोपिक चॅनेलवर (ड्रॉवरच्या सरकत्या पट्ट्यांवर) आणि कपाटाच्या मॅग्नेट कॅचवर बसवला आहे. पहिल्याच तीव्र चढावर तो भरलेला ड्रॉवर आपोआप उघडून मागे आपटला आणि काचेच्या बाटल्या फुटल्या. ड्रॉवर उघडायचा तर आधी कडी उचलावीच लागेल, अशी लोखंडी कडी हवी होती, आणि तसे रेखाचित्र मी स्वतः काढून दिले होते.

21 जुलै रोजी मी या सर्व गोष्टी छायाचित्रांसह आपल्याला कळवल्या. त्यावर फोनवरून मिळालेले उत्तर असे, की गाडी खडबडीत रस्त्यावर आणि पाण्यातून चालवल्यामुळे कामाची एक वर्षाची हमी लागू होत नाही. महोदय, हे पत्र लिहिण्यास मला भाग पाडणारे वाक्य हेच आहे. ज्या वापरासाठी आपण हे काम स्वीकारले, ज्या वापराचे नाव आपल्याच बिलावर आहे आणि जो वापर माझ्या ई-मेलमध्ये गावांच्या नावांसह लिहिलेला आहे, तोच वापर हमी नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. दगडधोंड्यांचा रस्ता आपल्याला जमणार नसेल, तर तसे फेब्रुवारीतच सांगता आले असते. मी दुसरीकडे गेले असते आणि माझ्या मनात आपल्याबद्दल कोणताही राग राहिला नसता. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(11) मध्ये सेवेतील त्रुटीची जी व्याख्या आहे, तिच्यात कराराने मान्य केलेले काम त्या दर्जाने न करणे स्पष्टपणे येते.

माझे म्हणणे असे आहे. पुढच्या दोन्ही सीटचे ब्रॅकेट काढून मूळ चार जागांवर घट्ट बसणारे, योग्य जाडीचे आणि सलग वेल्डिंगचे ब्रॅकेट बसवावेत, आणि बेल्टचे बक्कल मूळ जागी व मूळ उंचीवर येईल अशी रचना करावी. हे आपल्याला जमणार नसल्यास माझ्या जुन्या सीट परत बसवून बकेट सीटचे 46,000 रुपये परत करावेत. जुन्या सीट काम झाल्यावर परत देण्याचे ठरले होते, त्या अजून आपल्याच गोदामात आहेत. त्या कोणत्याही परिस्थितीत मला मिळाव्यात. फरशी पूर्ण उघडून गंज काढावा, बेल्टच्या बोल्टजवळचा पत्रा तपासून गरजेप्रमाणे दुरुस्त करावा आणि मूळ ठरावाप्रमाणे रबरी शीट घालून बुचे मोकळी करावीत. वायरिंग नव्याने करावे, ड्रॉवरला रेखाचित्राप्रमाणे कडी लावावी, आणि वाया गेलेल्या लसींचे व औषधांचे 7,350 रुपये भरून द्यावेत. मानसिक त्रासाची वेगळी रक्कम मी मागत नाही. मला गाडी हवी आहे, कारण सध्या मी भाड्याच्या जीपने फिरते आणि ती कुमशेतच्या अलीकडेच थांबते.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत कामाची तारीख लेखी कळवावी. तसे न झाल्यास मला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करावा लागेल. बिलाची प्रत, 9 फेब्रुवारीचा ई-मेल व आपले उत्तर, ड्रॉवरचे रेखाचित्र आणि 17 जुलै रोजी काढलेली बावीस छायाचित्रे सोबत जोडली आहेत. वितळलेली वायर आणि तडकलेल्या वेल्डिंगचा ब्रॅकेट मी जपून ठेवला आहे. आपले तंत्रज्ञ आले तर दोन्ही प्रत्यक्ष दाखवीन. त्यांनी येताना शक्य तर पावसाचा दिवस निवडावा, म्हणजे मी त्यांना त्या ओढ्यापर्यंत घेऊन जाईन.

आपली विश्वासू,
तक्रारदार ग्राहक
राजूर परिसर, ता. अकोले, जि. अहिल्यानगर