हॉल नको, पोस्टकार्डं आण

नाशिकरोड
रविवार, 12 ऑक्टोबर 2025

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

बाबांच्या स्मरणसभेसाठी तू पाठवलेली फाइल वाचली. दोनदा वाचली. फोनवर अक्षर मोठं कसं करायचं ते छोटीनं मला व्हिडिओ कॉलवर शिकवलं, म्हणून जमलं. गंगापूर रोडचा हॉल, दीडशे माणसं, मोठा पडदा, त्यावर बाबांचे फोटो, बाजूला बासरीवाला आणि निघताना प्रत्येकाच्या हातात बाबांचं चित्र असलेली कीचेन. खर्चाचा आकडाही बघितला. ऑफिस सांभाळून, रात्री जागून केलंस हे सगळं, ते कळतं मला. म्हणूनच फोनवर एका शब्दात ‘नको’ म्हणवेना. शिवाय फोनवर आपलं बोलणं पाच मिनिटांत तुझ्या मीटिंगपाशी येऊन थांबतं. कागद बिचारा थांबतो.

आधी तारखांचं उरकते. बाबा गेले ते गेल्या वर्षी 20 डिसेंबरच्या पहाटे, तिथी मार्गशीर्ष वद्य पंचमी. यंदा ती मंगळवारी, 9 डिसेंबरला येते. वर्षश्राद्ध तिथीलाच आणि घरीच. गुरुजींना सांगून ठेवलंय. स्वयंपाकाला तुझी आत्या येणार आहे. खीर, वडे, आमसुलाची चटणी, भोपळा, कारलं, सगळं रीतसर, कांद्याचं नाव नाही. त्यात तू आणि मी काही सुचवायचं नाही. तिचा भाऊ गेलाय, तिच्या हातांना ते काम हवंय. बाकी माणसांना बोलवायचं ते रविवारी, 21 डिसेंबरला. तुला दोनदा यावं लागेल, नाहीतर मधले दिवस इथूनच काम कर. मधल्या खोलीत नेट चांगलं येतं असं शेजारचा मुलगा सांगत होता.

आता हॉल का नको ते. तेराव्यानंतर झालेली शोकसभा आठव. भाषणाला आणलेल्या पुढाऱ्यानं बाबांना रेल्वेतून निवृत्त केलं! समोर बसलेली निम्मी माणसं त्यांच्या प्रेसची, म्हणजे इथल्या सरकारी छापखान्याची, पण कुणी हूं की चूं केलं नाही. मग ‘प्रेमळ, मनमिळाऊ, हसतमुख’ सुरू झालं. हसतमुख? चहात साखर जास्त पडली तर तुझे बाबा दोन तास कुणाशी बोलत नसत. मी पदर तोंडाशी धरून बसले होते, लोकांना वाटलं रडतेय. चौकातल्या फ्लेक्सवर तर त्यांना इतकं गोरं केलं होतं की भाजीवालीनं मला विचारलं, हे तुमचे दीर का हो? वर ‘भावपूर्ण’मधला पू ऱ्हस्व. बाबा असते तर शिडी लावून दुरुस्त करून आले असते.

चुका पकडण्यातच त्यांचा जन्म गेला. 1974 ला प्रेसमध्ये लागले, 2012 ला निवृत्त झाले. सिक्युरिटी प्रेस 1925 ची, नोटांची प्रेस 1928 ची. नाशिकरोडच्या किती घरांच्या चुली या दोन भिंतींच्या आधारानं पेटल्या, मोजदाद नाही. आपलीही त्यातलीच. पण भिंतीआड काय चालतं ते आपल्या घरात कधी आलं नाही. गेटवर झडती व्हायची आणि घरी येईपर्यंत तोंडाला कुलूप लागलेलं असायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा वाटायचं, या माणसाला माझ्याशी बोलायचंच नाही की काय. मग शेजारणींनी सांगितलं, आमच्याकडेही हेच.

एकदा काय झालं, तू नुकता नोकरीला लागला होतास. किराणा दुकानात सुट्ट्यांत दहाची कोरी नोट आली. तिच्या नंबरात मधेच एक चांदणी. बाबांनी ती उजेडात धरली, उलटसुलट केली, गालातल्या गालात हसले आणि खिशात ठेवली. काय हो, म्हणून विचारलं तर ‘काही नाही’. मागच्या वर्षी दुखवट्याला बाबांबरोबर प्रेसमध्ये असलेले सिन्नरचे काका आले होते, त्यांनी उलगडा केला. छपाईत एखादी नोट बिघडली की ती बाजूला काढतात आणि तिच्या जागी दुसरी घालतात, तिच्या नंबरात ही चांदणी असते. 2006 पासून ही पद्धत आहे. म्हणजे कुणाच्या तरी डोळ्यांनी एक चूक पकडली, म्हणून ती नोट आपल्या हातात आली. एवढी साधी गोष्ट 45 वर्षांच्या संसारात मला कळली नाही, कळली ती ते गेल्यावर, चटईवर बसून, परक्या माणसाकडून.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे घोळतंय. तुझ्या पडद्यावर जे फोटो येतील ते आपल्या अल्बममधले. तुझ्याकडे आणि माझ्याकडे जे बाबा आहेत ते संध्याकाळी सायकल दाराशी लावल्यानंतरचे. दिवसाचे बाबा दुसऱ्यांकडे आहेत. लोकांना बोलवायचं ते आपले बाबा त्यांना दाखवायला नाही, त्यांच्याकडचे मागून घ्यायला.

अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो होतो तेव्हाचं आठवतंय का? उपाध्यांनी नामावळीची वही काढली, पानं चाळली आणि तुझ्या पणजोबांची सही समोर ठेवली. मोडी अक्षर, तुला वाचता येईना, पण तू बोट लावून बघत राहिलास. मग त्याच घराण्याखाली तू बाबांचं, आजोबांचं, गावाचं नाव लिहिलंस आणि सही केलीस. वर्षभरात मला सगळ्यात जास्त आधार कशाचा वाटला असेल तर त्या वहीचा. पण त्या वहीत नाव राहतं, गाव राहतं, स्वभाव राहत नाही. पणजोबा तापट होते की गरीब, गात होते की नव्हते, कुणाला ठाऊक. माझं म्हणणं एवढंच की बाबांचं तसं होऊ नये.

तर मला सुचलंय ते असं. जागा आपल्या बिल्डिंगचं पार्किंग, जिथे आपला गणपती बसतो. गाड्या दोन तास बाहेर काढायला सगळे तयार आहेत, मी विचारून घेतलंय. हात टेकायच्या खुर्च्या भाड्यानं मागव, निदान चाळीस. येणाऱ्यांतली बहुतेक माणसं सत्तरीच्या पुढची, प्लास्टिकच्या त्या बिनहातांच्या खुर्चीतून उठताना त्यांचे हाल होतात. वेळ दुपारी साडेतीन. डिसेंबरात सहाच्या आत दिवस मावळतो आणि मग गारठा असा सुटतो की म्हातारी माणसं घड्याळाकडे बघायला लागतात. माइक लागेल, पण छोटा. पडदा नको.

फोटो एकच. स्टुडिओतला कोट घातलेला नाही. ब्रह्मगिरीच्या फेरीतला तो, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, चष्म्यावर पाणी, लेंगा गुडघ्यापर्यंत वर. तिसऱ्या श्रावणी सोमवारची फेरी त्यांनी किती वर्षं चुकवली नाही ते तुला माहीत आहे. तो फोटो बघून आत्या म्हणेल, काय हे ध्यान! म्हणू दे. हार मात्र खऱ्या शेवंतीचा आण, ते चंदनाच्या भुशाचे हार त्यांना अजिबात आवडत नसत, धूळ खातात म्हणायचे.

बोलायला पाचच जण. आधी फोन करून सांगायचं की विशेषणं नकोत, एक प्रसंग सांगा, पाच मिनिटांत. सिन्नरचे काका, भजनी मंडळातले पेटीवाले, फेरीतला एक सोबती, आत्या. आणि पाचवे तिसऱ्या मजल्यावरचे काका. हो, तेच. पाण्याच्या टाकीवरून सात वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. पण त्या पहाटे अंगावरच्या शालीनिशी पहिल्यांदा दार वाजवलं ते त्यांनीच, आणि खांदा द्यायलाही तेच पुढे होते. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, वहिनी, मी काय बोलणार, आमचं तर भांडण. मी म्हटलं, भांडणाचंच सांगा. बाबांचा हट्ट त्यांच्याइतका कुणी बघितलेला नाही. तुला हे रुचणार नाही कदाचित. तू गेल्या वर्षापासून बाबांबद्दल जे बोलतोस त्यात ते कधी कुणावर ओरडलेच नाहीत. अरे, तुझ्यावर किती ओरडलेत! दहावीच्या सुट्टीतली ती स्कूटर विसरलास की काय?

तू स्वतः बोलू नकोस असं नाही. पण आधीच लिहून ठेवू नकोस. पाच जणांचं ऐकल्यावर वाटलं तर उठ, नाही वाटलं तर पाणी दे लोकांना.

बासरीवाल्याला पैसे देऊ नकोस. भजनी मंडळ येणार आहे, दोन अभंग म्हणतील आणि भैरवी. पेटीवाले काका म्हणत होते, ‘तुमचे हे नेहमी अर्धी मात्रा मागे असायचे, आता सगळं वेळेवर होतं आणि चुकल्यासारखं वाटतं.’

खायला मिसळ. आत्याचा चेहरा मला आत्ताच दिसतोय, पण ती तिथी नाही, साधा रविवार आहे, आणि बाबांचा रविवार मिसळीशिवाय कधी गेला? काळ्या मसाल्याची, वर पापड आणि दही, गोड हवं म्हणून जिलेबी. कुणी म्हटलं की श्रद्धांजलीला मिसळ कसली, तर माझं नाव सांग. कीचेन रद्द. बाबांचा चेहरा कुणाच्या स्कूटरच्या किल्लीला लोंबकळताना मला बघवणार नाही. वाचलेल्या पैशांचं काय करायचं ते तू आल्यावर ठरवू. झाडं लावायची तुझी कल्पना वाईट नाही, पण पाटी लावून फोटो काढलेली झाडं इथल्या मे महिन्यात काय होतात ते मी बघितलंय. पाणी कोण घालणार ते आधी सांग, मग झाड.

आता पोस्टकार्डांचं. निमंत्रण सगळ्यांना व्हॉट्सॲपवर जाऊ दे, पण बाबांच्या वयाच्या चाळीस जणांना मी कार्डं लिहिणार आहे. पन्नास पैशांना एक, म्हणजे वीस रुपयांत काम. प्रत्येकाला लिहिणार आहे की यायला जमो न जमो, यांची एक आठवण कार्डावर लिहून पाठवा. काहींना सभेत बोलता येत नाही, काहींना जिना उतरता येत नाही. इथल्या पोस्टात मला दहाच मिळाली, उरलेली तिकडून घेऊन ये. आलेली कार्डं एका वहीत चिकटवायची आणि त्या दिवशी छोटीनं त्यातली चार-पाच वाचायची. तिचं मराठी वाचन अडखळत असलं तरी चालेल. वही तुझ्याकडे राहील, पुढे तिच्याकडे.

नमुन्यादाखल सहा कार्डं दसऱ्यानंतर टाकली होती. तीन उत्तरं आली. एकात नुसतं ‘देवमाणूस’ एवढंच आहे, तेही चिकटवू. दुसऱ्यात बाबांनी 1988 साली घेतलेले दोनशे रुपये परत केले नाहीत असं लिहिलंय, खरं असेल, देऊन टाकू.

तिसरं सिन्नरच्या काकांचं. ते जसंच्या तसं उतरवते: ‘डोळ्यांचं काम, दुपारपर्यंत सगळ्यांना अंधारी यायची. जेवण झालं की हा चष्मा पुसून ठेवायचा आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसायचा. झोपला का रे, असं विचारलं तर म्हणायचा, नाही, घोटीचं भात बघतोय. हिरवं बघितलं की डोळे निवतात. शेवटच्या दिवसापर्यंत हेच.’

घोटीच्या पुढचं ते शेत आपण 2001 साली विकलं. कशासाठी ते तुला माहीत आहे. त्यानंतर बाबांनी या घरात त्याचं नाव कधी काढलं नाही, मला वाटायचं विसरले असतील. 2001 ते 2012, तूच हिशोब कर.

तू नवव्या तारखेच्या आधी दोन दिवस येशील ना? श्राद्धाच्या आदल्या दिवशी, सोमवारी, सकाळी गाडी काढू. आत्ता ते कुणाचं आहे, कुंपण घातलंय का, मला काही कल्पना नाही. बांध मात्र मी ओळखीन, कडेला करवंदीची जाळी होती. डिसेंबरात तिथे हिरवं काही नसतं, भात कापून झालेलं असतं, नुसती धसकटं. तरी जाऊन येऊ.

स्वेटर आण. छोटीचाही. गेल्या वर्षीचा तिला आखूड झाला असेल.

तुझी
आई