क्राउनच्या ऑइलला दिवा नसतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळ्याआधी गाडीची काय काळजी घ्यावी, याची यादी आपल्या दैनिकात दरवर्षी मेच्या अखेरीला येते. टायर, वायपर, ब्रेक, बॅटरी, दिवे. यंदाचं कात्रणही मी पिकअपच्या केबिनमध्ये लावलं आहे. त्या यादीत मागच्या क्राउनचं ऑइल नाही. मागच्या ॲक्सलच्या मधल्या गोळ्यात इंजिनाची ताकद चाकांना पोचवणारे गिअर असतात, त्यातलं मोठं चक्र म्हणजे क्राउन. गाडीच्या पुस्तकात या गोळ्यातल्या ऑइलला डिफरन्शियल ऑइल म्हणतात. आम्ही चालक आणि मिस्त्री क्राउनचं ऑइल म्हणतो. ते वेळेवर न बघितल्याची किंमत मी यंदाच्या आंब्याच्या हंगामात मोजली, म्हणून हे पत्र.

मी देवगडहून कोल्हापूरला आंबा नेतो. गाडी स्वतःची आहे, आणि स्टिअरिंगवर बसून बावीस वर्षं झाली. मार्च ते मे आठवड्याला तीन फेऱ्या, वाट ठरलेली. नांदगाव, फोंडा, घाट चढून दाजीपूर, राधानगरी, मग कोल्हापूर. एप्रिलच्या शेवटी पन्नासच्या पुढे गेलं की मागून हूंऽऽ असा आवाज यायला लागला. ॲक्सिलरेटर दाबला की चढायचा, पाय काढला की सूर बदलायचा. मला वाटलं टायर एका अंगाने झिजले असतील, हंगाम उरकला की बदलू. टायरचा आवाज पाय काढल्याने बदलत नाही, एवढं मला कळायला हवं होतं. पण हंगामात गाडी एक दिवस उभी करायची म्हणजे जिवावर येतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात साठ पेट्या भरून रात्री निघालो. माल आमच्याच वाडीतल्या एका छोट्या बागायतदाराचा, शेजारी भाचा बसलेला, आणि पहाटेच्या सौद्याला पोचायचं होतं. फोंडा घाटाच्या अर्ध्यात त्या हूंऽऽची खरखर झाली. दाजीपूरला वर पोचल्यावर थांबून बघू असं ठरवलं, आणि सपाटी लागल्यावर तेही पुढे ढकललं. राधानगरीच्या अलीकडे मागून एकदम कडकड झालं आणि मागची चाकं जागच्या जागी आवळली. गाडी तिरकी होत फरफटली. वेग चाळीसच्या आत होता आणि समोरून कुणी येत नव्हतं. उतरलो तर डांबरावर दोन काळे पट्टे आणि हवेत कुजलेल्या अंड्यासारखा वास. भाच्याने बाटलीतलं पाणी मागच्या ॲक्सलच्या मधल्या फुगीर गोळ्यावर ओतलं, तर तव्यावर पडल्यासारखं चर्र झालं.

सकाळी राधानगरीचा एक म्हातारा मिस्त्री आला. गाडीखाली शिरला आणि प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे पुढून येणारा फिरता दांडा, गोळ्याला मिळतो तिथे त्याने बोट ठेवलं. तिथे आमच्या जांभ्याची लाल धूळ दोन बोटं जाड चिकटलेली होती. ती मी कितीदा पाहिली होती, चिखल समजून सोडून दिली होती. तो म्हणाला, "मामा, ह्यो चिखल न्हाई, तेल हाय. किती दिस नुसतं बघतायसा?" खरंच होतं. कोरड्या लोखंडावरची धूळ हाताने झटकली की पडते, तेलकट लोखंडावरची थर धरते. पिनियन म्हणजे त्या दांड्याच्या टोकाचं, क्राउनला फिरवणारं लहान चक्र. त्याचं तेल अडवणारं सील गेलं होतं आणि ऑइल महिनोन् महिने थेंब थेंब बाहेर पडत होतं.

मग त्याने ऑइल भरायचा नट खोलायला घेतला. पाना लागेना. शेवटी पान्याला पाइप घालून दोघांनी जोर लावला तेव्हा तो हलला. "ह्यो आजपातुर कुणी खोललेलाच न्हाई," तो म्हणाला. संपादक महोदय, माझ्या पत्राचं मूळ या वाक्यात आहे. कारण केबिनमध्ये माझ्याकडे तीन सर्व्हिसिंगच्या पावत्या होत्या, आणि तिन्हींच्या मागे छापील यादीत 'डिफरन्शियल ऑइल – तपासले' या ओळीपुढे बरोबरची खूण होती. नट न खोलता ते ऑइल तपासता येत नाही. आणि बिलावर 'ऑइल बदलले' लिहिलं की ते बहुधा फक्त इंजिनाचं असतं, हे आमच्यातल्या कितीतरी चालकांना आजही माहीत नाही.

खालचा नट काढल्यावर चहाच्या ग्लासाएवढंही ऑइल निघालं नाही. जे आलं ते काळंकुट्ट, त्यात अभ्रकासारखी चकाकी. नटाच्या टोकाच्या चुंबकाला लोखंडाचा चुरा केसांसारखा उभा राहिला होता. पिनियनचं पुढचं बेअरिंग जळून निळं पडलं होतं, क्राउनचे दात ओरबाडले होते. मिस्त्रीने मला कारण समजावलं ते इतरांनाही कळावं. या गोळ्याला पंप नसतो. क्राउनचं मोठं चक्र खालच्या ऑइलमध्ये बुडतं आणि फिरताना ते वर उडवतं, त्यावर पिनियन आणि बेअरिंगं जगतात. ऑइल कमी असताना गाडी घाट चढायला लागली की पुढचं तोंड उंच होतं, उरलंसुरलं ऑइल मागे जातं आणि पुढचं बेअरिंग कोरडं पडतं. म्हणजे जेव्हा ओझं सर्वांत जास्त, नेमकं तेव्हा तिथे तेल नाही. शिवाय या गिअरचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घसरतातही. म्हणून त्याला गंधक असलेलं खास ऑइल लागतं, नव्वद नंबरचं, डब्यावर जीएल-५ लिहिलेलं. तो वास त्या जळलेल्या गंधकाचा होता.

ऑइलचा खर्च हजाराच्या आत होता. मला क्राउन-पिनियन, बेअरिंगं, सील, मजुरी धरून २७ हजार लागले, आणि सौदा चुकला तो वेगळाच. दुसऱ्या गाडीत माल हलवेपर्यंत ऊन वर आलं होतं. बागायतदाराला कमी पडलेला भाव मी भरून दिला. त्याने घ्यायला नको म्हटलं, तरी दिला. पण मला रात्री झोपू देत नाही ती गोष्ट वेगळी आहे. तीच चाकं परतीला, फोंडा घाटाच्या उतारावर, वळणात आवळली असती तर?

आमच्या भागात शाळेची मुलं आणि वडापची, म्हणजे सीटवर पैसे घेऊन बसवलेली, माणसं नेणाऱ्या कितीतरी जीपगाड्या मागच्या चाकांवर चालतात. त्यांचं सील चाकाच्या बाजूने गेलं तर ऑइल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरून लायनरवर येतं, आणि घाटात ब्रेक धरत नाही. पावसात आणखी एक धोका असतो. तापलेली गाडी वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्यात घातली की गोळ्यातली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (गोळ्याला हवा खेळायला ठेवलेल्या भोकातून), सैल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मग ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसतं. ते तसंच ठेवून गाडी चालवू नये, लगेच बदलावं. हल्लीच्या बहुतेक लहान मोटारी पुढच्या चाकांवर चालतात. त्यांचा डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच असतो आणि गिअर ऑइलवरच चालतो, तेव्हा त्यांनी ते बघावं.

तपासायला यंत्र लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करून, गार झाल्यावर भरायचा नट खोलावा आणि करंगळी आत घालावी. ऑइल भोकाच्या खालच्या काठाला लागलं पाहिजे. नाही लागलं तर भरून गप्प बसू नये, कुठून गेलं ते शोधावं. आवाज सुरू झाल्यावर १४० नंबरचं जाड ऑइल घालून तो दाबणारे भेटतात. त्याने आवाज दबतो, पण दात भरून येत नाहीत. इंजिनाच्या ऑइलचा दाब पडला तर समोर लाल दिवा लागतो, याला तसा दिवा नाही.

माझी विनंती दोघांना आहे. गॅरेजवाल्यांनी खूण करण्यापूर्वी नट खोलावा, आणि गिऱ्हाईक हजर असेल तर त्याला बोलावून दाखवावा. आणि आपण पुढच्या मेमधल्या यादीत ब्रेकच्या खाली एक ओळ वाढवावी: 'मागच्या क्राउनचं ऑइल, नट खोलून.' कात्रण मी त्याच जागी लावीन.

आपला,
एक पिकअपचालक, देवगड