हायड्रोजनच्या नेतृत्वात फिटर कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रादेशिक हायड्रोजन केंद्रांच्या (एकाच भागात हायड्रोजन बनवायचा, साठवायचा आणि वापरायचा, अशा प्रकल्पांच्या) धुरीणांचे पानभर कौतुक कालच्या अंकात वाचले. फोटो छान आले आहेत. वित्त, धोरण, जनसंपर्क, गुंतवणूक अशी सगळी खाती सांभाळणारी मंडळी आहेत. हायड्रोजनच्या लाइनवरचा एखादा फ्लँज (पाइपांचा बोल्टने आवळलेला जोड) स्वतः उघडलेला माणूस मात्र भिंग घेऊन शोधला तरी सापडला नाही. चौकटीचा मथळा तरीही ‘तज्ज्ञतेचे बळ’!

त्याहून राग आला तो ‘अगदी नवे, अनोळखी क्षेत्र’ या शब्दांचा. अहो, नॉर्वेत रियुकानला १९२०च्या दशकाच्या अखेरीस जलविजेवर पाण्याचे विघटन करून खतासाठी हायड्रोजन काढायला सुरुवात झाली होती. आपल्याकडे नांगलला १९६०च्या दशकात भाक्राच्या विजेवर हेच चालले. आज जगात वर्षाला ९ कोटी टनांहून जास्त हायड्रोजन तयार होतो. तो जवळपास सगळा नैसर्गिक वायू आणि कोळशापासून होतो, म्हणून ‘स्वच्छ’ नाही, एवढेच. वायू तोच आहे. त्याच्याशी उभी नोकरी काढलेली माणसे हायड्रोजनपासून अमोनिया बनवणाऱ्या खतकारखान्यांतून निवृत्त होऊन घरी बसली आहेत आणि तज्ज्ञ शोधायला परिषदा भरताहेत. काखेत कळसा, दुसरे काय!

घरी बसलेल्यांपैकी मी एक. असेच एक केंद्र उभे राहणार म्हणून ‘तज्ज्ञांशी विचारविनिमय’ ठेवला होता. कुठे ते सांगत नाही. कुणीतरी नाव सुचवले म्हणून मलाही बोलावणे आले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत स्लाइडांवर स्लाइडा. मग सूत्रसंचालक बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘काका, दोनच मिनिटे हं.’’

मी म्हटले, बरं. आणि खराट्याचे सांगितले. हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. धूर नाही, काजळी नाही. गळतीच्या जागी आग असेल तर माणूस सरळ तिच्यात चालत जाईल. म्हणून आमच्या वेळी संशय आला की पुढचा माणूस खराटा लांब धरून पावलापावलाने सरकायचा. काड्या पेटल्या की कळायचे, आग इथे आहे. सभागृह खो खो हसले. व्यासपीठावरचा एक तरुण म्हणाला, ‘‘काका, आता सेन्सर असतात.’’

असतात ना. मला तेच विचारायचे होते. त्या सेन्सरचे कॅलिब्रेशन, म्हणजे तो बरोबर दाखवतो की नाही याची जुळणी, कोण करणार? सारखा खोटा अलार्म वाजतो म्हणून रात्रपाळीत कुणी तो बायपास केला, तर दुसऱ्या दिवशी ते कुणाच्या लक्षात येणार? देखभालीचा माणूस प्रकल्पाच्या तक्त्यात कितव्या पायरीवर आहे? पण मिनिटे संपली होती. पुढे अहवाल आला, गुळगुळीत कागदावर. त्यात माझ्या नावापुढे छापले होते ‘स्थानिक समाजघटक’. तज्ज्ञांच्या यादीत तो सेन्सरवाला होता.

हे मानापमानाचे रडगाणे आहे असे वाटत असेल तर २०१९ आठवा. जूनमध्ये नॉर्वेत सांडविकाच्या हायड्रोजन पंपावर स्फोट झाला. हादऱ्याने शेजारच्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या एअरबॅगा उघडल्या. तपासात निघाले काय, तर उच्च दाबाच्या टाकीच्या प्लगचे आतले बोल्ट नीट आवळलेले नव्हते. त्याच्या आदल्या महिन्यात दक्षिण कोरियात गांगनुंगला टाकी फुटून दोन माणसे गेली. हायड्रोजनमध्ये ऑक्सिजन मिसळला होता. तिथे वीज सौर होती. ऊन उतरले, वीज कमी झाली आणि इलेक्ट्रोलायझर (विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारे यंत्र) कमी भारावर चालत राहिला की वायूची शुद्धता घसरते, हे त्यावर काम करणारा कुणीही सांगेल. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत पेटणारा वायू आहे हा. त्याला पदव्या कळत नाहीत, टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) कळतो. लाइन उघडण्याआधी नायट्रोजनने पर्ज केली (आतला वायू हुसकून काढला) की नाही, ते कळते.

आणि ज्या ‘दूरदर्शी नेतृत्वा’चे आपण गोडवे गायलेत त्याचे आयुष्य तरी किती? अमेरिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये ७ अब्ज डॉलरची ७ प्रादेशिक केंद्रे वाजतगाजत जाहीर केली. दोन वर्षांत सरकार बदलले आणि कॅलिफोर्निया व वायव्येकडच्या केंद्रांचा निधी रद्द झाला. तिथल्या धुरीणांना दुसऱ्या खुर्च्या मिळतीलही. त्या केंद्रांच्या भरवशावर वेल्डिंग आणि इन्स्ट्रुमेंटेशन शिकायला घेतलेल्या पोरांचे काय झाले, यावर एक चौकट करा की.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावर ‘एक किलो हायड्रोजनला सुमारे ५५ किलोवॉट वीज लागते’ असे छापले आहे. किलोवॉट-तास हो, किलोवॉट-तास! किलोवॉट हा वीज वापरण्याचा वेग, किती वीज लागली ते किलोवॉट-तासात मोजतात. बाजारात ‘ताशी दोन किलो साखर द्या’ म्हणून कुणी मागत नाही. हीच चूक मागेही झाली होती. तेव्हा मी पत्र पाठवले, ते आपण छापले नाहीत. त्या जागी एका व्यवस्थापन गुरूंचे सुविचार आले होते.

हे पत्र कापून छापावे लागले तर रियुकान-नांगल कापा, बोल्टचा मजकूर ठेवा. आणि किलोवॉट-तासाचे शुद्धिपत्र पहिल्या पानावर नको, पण निदान त्याच पानावर द्या.

आपला,
एक निवृत्त शिफ्ट-इनचार्ज
(नाव छापू नये. अहवालात छापले, तेवढे पुरे.)