पिस्त्याच्या रंगाची फिगारो

रेडिंग, इंग्लंड

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले, की चांगली नवी गाडी परवडत असताना तीस वर्षांहून जुनी, तीन गिअरची आणि कापडी टपाची गाडी घेण्याची बुद्धी मला कुठून झाली. तेव्हा मी हसून विषय बदलला. त्या प्रश्नाचे उत्तर फोनवर नीट देता येत नाही, म्हणून हे पत्र.

गाडीचे नाव निस्सान फिगारो. १९८९ साली टोकियोच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम दाखवली गेली आणि १९९१ साली विकायला आली. कंपनी फक्त ८,००० गाड्या काढणार होती, परंतु मागणी इतकी आली की आकडा २०,००० वर न्यावा लागला, आणि तरीही आपल्याकडे म्हाडाच्या घरांची निघते तशी सोडत काढून त्या विकाव्या लागल्या. या सगळ्या गाड्या जपानसाठीच होत्या. बाहेरच्या कुठल्याही देशात कंपनीने ती अधिकृतपणे विकली नाही. मात्र जपानातही रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असते, त्यामुळे पुढे वापरलेल्या फिगारो जहाजाने इंग्लंडमध्ये येऊ लागल्या आणि इथल्या लोकांना त्यांचा लळा लागला. जपानात ऋतू चार म्हणून रंगही चारच ठेवलेले होते. माझी गाडी वसंताच्या रंगाची आहे. कागदोपत्री त्या रंगाला पाचूचे नाव आहे, पण आई, प्रत्यक्षात तो तू दिवाळीला करतेस त्या पिस्त्याच्या बर्फीचा रंग आहे, तोही दूध जरा जास्त पडलेल्या.

बाबा, आता तुमच्यासाठी. दिसायला ती १९५०-६० च्या काळातली वाटते, परंतु आत सांगाडा आणि यंत्र त्या वेळच्या साध्या निस्सान मार्चचे आहे. इंजिन ९८७ सीसीचे, म्हणजे आपल्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या १०८९ सीसीपेक्षाही लहान, पण त्याला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, जोडलेला असल्यामुळे ताकद ७६ अश्वशक्तीची, पद्मिनीच्या जवळजवळ दुप्पट. वजन जेमतेम ८१० किलो. गिअर आपोआप बदलतात, आणि ते तीनच आहेत हा तुमचा आक्षेप मला मान्य आहे: मोटारवेवर, म्हणजे इथल्या द्रुतगती महामार्गावर, ताशी ७० मैलांच्या वेगाला, म्हणजे सुमारे ११३ किलोमीटरला, इंजिन इतके ओरडते की शेजारी बसलेल्याशी बोलणे सोडून द्यावे लागते. म्हणून मी मोटारवेला जातच नाही. रेडिंगहून हेन्ली गावाकडे थेम्स नदीच्या काठाकाठाने जाणारा जुना रस्ता आहे, वळणांचा आणि झाडीचा, आणि ही गाडी अशाच रस्त्यासाठी घडवलेली असावी असे वाटते.

टप उघडण्याचे काम हाताने करायचे असते. समोरच्या काचेवरचे दोन खटके सोडायचे, कापड मागे ढकलायचे, बाहेर येऊन मागचे झाकण उचलायचे, मागच्या काचेसकट सगळे त्या खणात बसवायचे आणि झाकण लावायचे. दोन्ही बाजूंच्या दारांवरची चौकट मात्र जागच्या जागी राहते, त्यामुळे ती पूर्ण उघडी गाडी म्हणता येत नाही. वाड्याच्या चौकात बसल्यावर वर आकाश असते आणि चारही बाजूंना घर असते, तसे काहीसे आत बसल्यावर वाटते. मे महिन्यात या रस्त्यावर दोन्ही बाजूंची काटेरी कुंपणे पांढऱ्या फुलांनी भरतात, आणि बंद गाडीत जो वास कधी आला नसता तो सरळ आत येतो. लोकही वेगळे वागतात. महागड्या उघड्या गाडीकडे पाहून इथली माणसे तोंड फिरवतात, पण या गाडीकडे पाहून हसतात. पेट्रोल भरताना दर खेपेला कोणी ना कोणी येऊन मावशीच्या किंवा शेजारणीच्या फिगारोची गोष्ट सांगते. आठ वर्षे या देशात राहून इतक्या अनोळखी लोकांशी मी कधी बोलले नव्हते.

तुम्हांला लपवून ठेवण्यासारखे काही नाही, म्हणून दोषही लिहिते. या गाडीचा खरा शत्रू गंज. इथे थंडीत बर्फ धरू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते पत्र्यात कुठे जाऊन बसते ते कळत नाही. ज्या गृहस्थांकडून मी गाडी घेतली त्यांनी दाराखालच्या पट्ट्यात गंजाच्या भोकांवर लांबी भरून वर छान रंग मारला होता. वार्षिक तपासणीत कारागिराने स्क्रू ड्रायव्हर टोचला तो थेट आत गेला, आणि नवा पत्रा वेल्डिंग करून घेण्यात माझी त्या वर्षीची भारतवारी गेली. मी यायचे रद्द का केले, त्याचे खरे कारण हे. तेव्हा कामाचे निमित्त सांगितले होते, त्याबद्दल क्षमा असावी. आता नोव्हेंबर ते मार्च गाडी भाड्याच्या गॅरेजमध्ये कोरडी उभी असते.

बाकीच्या गोष्टी किरकोळ, पण गमतीच्या आहेत. जपानात तेव्हा एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झवर लागे, त्यामुळे तिचा तो देखणा रेडिओ इथली बहुतेक केंद्रे पकडत नाही. उन्हाची झापडी खाली केली की जपानी भाषेतल्या सूचना दिसतात. आणि लंडनच्या हद्दीत शिरले की जुन्या इंजिनाच्या धुरापायी दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात, त्यामुळे डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला मी रेल्वेनेच जाते.

बाबांच्या मूळ प्रश्नाकडे येते. १९९१ साली तुम्ही ती पद्मिनी सेकंडहँड घेतली, तेव्हा आजोबांनीही असेच काहीतरी विचारले होते ना? आंबा घाटात तिचे पाणी उकळले की तुम्ही बॉनेट उघडून, ओले फडके टाकून, दगडावर बसून निवांत चहा पीत असायचा, आणि आई मागच्या सीटवरून म्हणायची की यांना गाडी बंद पडलेलीच जास्त आवडते. गाडी म्हणजे हात काळे करण्याची वस्तू हे मी त्या दगडावर बसूनच पाहिले. इथली माझी ऑफिसला जायची गाडी बिघडली तर मला त्यातला एक नटही दिसत नाही, सगळे प्लॅस्टिकच्या झाकणाखाली. फिगारोचे प्लग मी स्वतः बदलते.

आता तुमच्या मे महिन्यातल्या येण्याविषयी. विमानतळावर मी फिगारो आणणार नाही, कारण तिच्या डिकीत तुमची एक बॅगही मावणार नाही, आणि मागची सीट नावालाच आहे. तिच्यावर आईची पर्स आणि डबा एवढेच बसेल. त्यामुळे हेन्लीला एकेकाला न्यावे लागेल. पहिल्या दिवशी आई येईल, कारण बाबा आधी आले तर बॉनेट उघडून बसतील आणि दिवस तिथेच जाईल. आई, डोक्याला बांधायला रुमाल आण, वारा बराच लागतो. आणि बाबा, टायरची हवा मोजायचा तुमचा तो जुना पितळी गेज अजून चालत असेल तर बॅगेत टाका; इथे विकत घेतलेले दोन गेज वेगवेगळे आकडे दाखवतात.

तुमची लेक