कंदिलाच्या कामटीवर साल लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत दिवाळी खरेदीची दोन पानं होती. कुठे कसले कंदील आलेत, तुळशीबागेत नवीन काय, लायटिंगच्या माळा केवढ्याला, सगळं वाचून काढलं आणि मग दिवसभर एकच गोष्ट डोक्यात राहिली की यात घरी बसून काही करायचं असतं याबद्दल एक ओळसुद्धा नाही. म्हणून लिहितेय. पत्र थोडं लांबणार आहे, शक्य झालं तर कापू नका.

आमच्या माळ्यावर आकाशकंदिलाचा एक सांगाडा आहे. माझ्या सासऱ्यांनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, १९८७ साली नारायण पेठेतल्या वाड्यात बांधलेला. बुरूड आळीतून बांबू आणला, कामट्या स्वतः तासल्या. दिवाळी झाली की कागद काढून टाकायचा, सांगाडा जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून माळ्यावर, आणि दसरा झाला की परत खाली. नवीन कागद लावायच्या आधी अण्णा आतल्या बाजूने एका कामटीवर पेन्सिलने साल लिहायचे आणि त्या वर्षी घरात जे घडलं ते दोन शब्दांत. '९१ नातू'. '९७ धाकटीचं लग्न'. '०३ वाडा सोडला'. २०११ चं अक्षर थरथरलेलं आहे, ओळ खाली उतरत गेलीये. २०१२ पासून माझं अक्षर. मागच्या दिवाळीत माझ्या नातवाने स्वतः लिहिलं, 'शाळा सुरू', त्यात ळ उलटा काढलाय, तो तसाच राहू दिला.

वाडा सोडून सिंहगड रोडला आलो तेव्हा सामान भरणाऱ्या मुलाने तो सांगाडा भंगारात टाकायला बाजूला काढला होता, काड्याच दिसत होत्या ना त्याला, त्याचं काय चुकलं. मी शेवटच्या टेम्पोत तो मांडीवर घेऊन बसले होते.

हल्ली आठवण म्हणून बाळाच्या हातापायाचे ठसे, नावाची फ्रेम, रेझिनमधली फुलं असं बरंच मिळतं. प्रेमानेच देतात लोक, मी त्याला नावं ठेवत नाही. पण ती वस्तू एकदा शोकेसमध्ये गेली की गेली, नंतर फक्त धूळ पुसायला हातात येते. कंदिलाचं तसं नाही, तो दरवर्षी खाली काढावा लागतो, खळ करावी लागते, चार जणांना एका जागी बसावं लागतं, आणि बसलं की कामटीवरचं वाचलं जातं, ''९७ला काय गंमत झाली होती' म्हणून कोणीतरी सुरू करतंच. सणाची वस्तू आणि घरची आठवण एकच असेल तर ती टिकते, एवढंच मला सांगायचंय.

आणि हे अवघड अजिबात नाही. सारख्या लांबीच्या २४ कामट्या घ्या, साधारण वीतभर. चार चार कामट्यांचे सहा चौकोन बांधायचे, प्रत्येक कोपऱ्याला दोऱ्याने घट्ट अढी मारून. मग चार चौकोन कोपऱ्यावर उभे धरून टोकाला टोक बांधत गोल करायचा, एक चौकोन वरती आडवा, एक खालती, त्यांचे कोपरे या चौघांच्या वरच्या आणि खालच्या टोकांना. बांधून झालं की मध्ये आपोआप आठ त्रिकोण तयार होतात, मुलांना हे बघताना फार मजा वाटते कारण त्रिकोण कोणी केलेलेच नसतात. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा, बाकी सगळीकडे पतंगी कागद, कामटीपेक्षा अर्धा इंच जास्त कापून कडा आत दुमडायच्या. खाली झिरमिळ्या. खळ म्हणजे दोन चमचे मैदा, कपभर पाणी, मंद गॅसवर सारखं ढवळत राहायचं, जरा पारदर्शक दिसायला लागली की उतरवा. पूर्वी त्यात मोरचूद घालायचे म्हणजे झुरळं लागत नाहीत, पण ते विषारी आणि मुलांची बोटं सारखी तोंडात, त्यामुळे मी घालत नाही, कागद काय वर्षभर ठेवायचा नसतोच. आत छोटा एलईडी लावा. एकदा आमच्याकडे कोणीतरी ६० चा बल्ब लावला आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्रीच एका बाजूचा कागद करपला. आणि लिहायचं पेन्सिलनेच, बॉलपेनची शाई फुटते आणि काही वर्षांत उडून पण जाते, पेन्सिल राहते.

दुसरी गोष्ट लुगड्यांची. माझी आई गेली तेव्हा तिची पाच सुती इरकली लुगडी माझ्याकडे आली. मला शिवायला वेळ नव्हता म्हणून त्यातली चार मी एका ठिकाणी गोधड्या करायला दिली. परत आली तेव्हा आत पॉलिस्टरचं भरण, वरून मशीनची टिप, आणि काठ सगळे कापलेले. विचारलं तर म्हणाले काठ जाड होते, मशीनला अडकत होते, टाकून दिले. आईच्या लुगड्याचे काठ. मी दुकानाबाहेर येऊन रस्त्यावरच रडले. पाचवं लुगडं मग मी कोणालाच दिलं नाही, स्वतः शिवलं.

नऊवारी म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड. मीटर मीटरचे आठ तुकडे पडतात, दोन दोन पदर धरले तर चार दुपटी होतात. मध्ये जुना पंचा किंवा मऊ झालेली सुती चादर घालायची, नवीन कापड घालू नका, ते पहिल्या धुण्यात आटतं आणि जुनं आटत नाही म्हणून दुपट्याला सुरकुत्या पडतात. काठ एका बाजूला तसाच ठेवायचा. कडेपासून धावदोरा घालत घालत आत यायचं, दोन बोटांचं अंतर सोडून, चौकोनात चौकोन. हात बसेपर्यंत टाके लहानमोठे येतात, येऊ देत. रोज संध्याकाळी तासभर बसले तर माझं एक दुपटं तीन आठवड्यांत झालं. आईच्या चौघा पतवंडांना एकेक दिलं आणि कोपऱ्यात साखळी टाक्याने भरलं, 'आईचं लुगडं, २०१९'. त्यातलं एक पोरगं आता दुपट्याशिवाय झोपत नाही म्हणे, त्याने पणजीला बघितलेलं पण नाही.

संक्रांतीला बोरन्हाणाचं काळं झबलं असंच. हलव्याचे दागिने पुढच्या वर्षापर्यंत राहत नाहीत, पावसाळ्याच्या दमटपणात पाणी सुटतं, पण झबलं राहतं, आतून छोट्या अक्षरात प्रत्येक बाळाचं नाव भरा आणि पुढच्या घरी द्या. गणपतीचं मखरही. २०१८ ला राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा आमच्या मजल्यावरच्या बऱ्याच जणांनी बाजारातली पुठ्ठ्याची मखरं आणली, आम्ही लाकडी पाटाच्या मागे जुन्या जरीच्या साडीच्या निऱ्या लावल्या. तेवढ्या निमित्ताने साडी वर्षातून एकदा उलगडली जाते, एकाच घडीवर पडून राहिली तर जर तिथेच तुटते.

राजा केळकर संग्रहालय पुण्यातल्या बहुतेकांनी शाळेच्या सहलीत एकदा बघितलेलं असतं. एकदा परत जा. दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या नावाने उभं केलेलं ते संग्रहालय आहे, आणि त्यात दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्री, रोजच्या घरातल्या वस्तू किती निगुतीने केलेल्या आहेत ते दिसतं. मी तिथे गेले की एकाच गोष्टीने हळहळते, बहुतेक वस्तूंवर करणाऱ्याचं नाव नाही. ज्या बाईने एखादं भरतकाम रात्ररात्र जागून केलं असेल ती कोण होती हे आता कोणीच सांगू शकत नाही. म्हणून मी साल आणि नाव लिहा, लिहा म्हणून सगळ्यांच्या मागे लागते.

तर माझी तुम्हाला विनंती अशी आहे की खरेदीची पानं राहू देत, पण प्रत्येक सणाच्या आधी एक कोपरा घरी करायच्या एका वस्तूला द्या, मापांसकट. आपट्याच्या पानांचं तोरण, मातीचे बैल, काचेच्या नळ्यांचं तोरण, क्रोशाचा रुमाल, गुढीची खणाची चोळी. कृती वाचकांकडूनच मागवा, या शहरात ऐंशीच्या पुढच्या कितीतरी आज्या आहेत ज्यांच्या हातात हे आहे आणि त्यांना कोणी विचारत नाही. सणाच्या आदल्या दिवशी छापू नका मात्र, निदान तीन आठवडे आधी, कामट्या आणायच्या तासायच्या वाळवायच्या तर तेवढे दिवस लागतातच, ओल्या कामट्या बांधल्या तर वाळल्यावर अढी सैल पडते आणि सगळा कंदील कलतो.

यंदा वसुबारसेच्या आधीच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सतरंजी टाकून बसणार आहोत, आठ घरांनी नावं दिलीत. कामट्या मी तासून ठेवल्यात, पेन्सिली पण आणल्यात.

आपली,
एक वाचक
सिंहगड रोड, पुणे