आडनावांचे नकाशे नीट वाचा

ब्रिटिश आडनावांचा उगम सांगणारे रंगीत नकाशे हल्ली खूप फिरतात. ‘गॅदरकोल’सारखे पूर्व इंग्लंडातले विरळ आडनाव शोधताना निव्वळ डोकी मोजून भागत नाही, दर दहा लाखांमागे प्रमाण काढावे लागते. समजा, एका आडनावाची १८८१ आणि १९२१ दोन्ही जनगणनांत २६० माणसे भरली. इंग्लंड-वेल्सची लोकसंख्या मधल्या काळात २.६ कोटींवरून ३.७९ कोटींवर गेली. म्हणजे प्रमाण दहावरून सातच्या खाली आले. आकडा जागचा हलला नाही, तरी आडनाव विरळ झाले!

उगम शोधायला जन्मगाव हवे; पण १८४१च्या जनगणनेत ते नाही, फक्त ‘याच परगण्यात जन्म का’ आणि नसल्यास ‘स्कॉटलंड, आयर्लंड की परदेशात’ एवढेच. गाव १८५१पासून मिळते. इंग्लंड-वेल्सची १९३१ची कागदपत्रे १९४२च्या आगीत गेली, १९४१ला गणनाच झाली नाही. ती पोकळी दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला केलेल्या १९३९च्या नागरिक-नोंदवहीने जेमतेम भरते.

खरा घोळ मात्र वाचनाचा. जुन्या हस्ताक्षरातला ‘जी’ ‘सी’ वाचला गेला की पाच जणांचे कुटुंब यादीतून गायब, आणि विरळ आडनावात पाच म्हणजे पुष्कळ. म्हणून स्पेलिंगची सगळी रूपे शोधून मूळ पानाची प्रतिमा बघावीच.

– एक वाचक, ठाणे